रस्ता, शब्द आणि दर : शिकागो नगरपरिषद व टेलिफोन कंपनी ह्यांच्या वाटाघाटी (१८८९–१९३४)

१. प्रश्नाचे स्वरूप

नगरसंस्था आणि सार्वजनिक सेवा पुरविणाऱ्या कंपन्या ह्यांच्यात दरांविषयी झालेल्या वाटाघाटींचा इतिहास बहुधा दोन ठरलेल्या रीतींनी लिहिला जातो. पहिल्या रीतीत कंपनी लोभी असते आणि नगरपरिषद जनतेची कैवारी. दुसरीत कंपनी शास्त्रज्ञांची आणि नगरपरिषद अडाण्यांची, किंवा लाचखाऊंची. दोन्ही रीतींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की वाद घालणारे दोन्ही पक्ष एकाच वस्तूच्या किमतीविषयी बोलत होते. शिकागोच्या टेलिफोन-दरांचा १८८९ पासून १९३४ पर्यंतचा वृत्तान्त पाहिला म्हणजे हे गृहीतच डळमळू लागते. ह्या पंचेचाळीस वर्षांत ज्या वस्तूचा दर ठरवावयाचा तिचे नावच वारंवार बदलले. आरंभी ते यंत्राचे भाडे होते. मग ते सेवेचे शुल्क झाले. नंतर एकेका संभाषणाची किंमत झाले. आणि शेवटी भांडवलावरील न्याय्य परतावा हे त्याचे नाव ठरले. नाव बदलले की मोजण्याचे माप बदलले आणि माप बदलले की निर्णय करण्याची जागाही बदलली. नगरपरिषदेच्या सभागृहातून हा प्रश्न प्रथम राज्याच्या आयोगाकडे व तेथून न्यायालयाकडे गेला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, नगरपरिषदेचे बळ दराच्या ज्ञानात कधीच नव्हते. ते रस्त्याच्या मालकीत होते. जोपर्यंत वाद रस्त्याचा होता तोपर्यंत नगरपरिषद कंपनीच्या बरोबरीने बोलू शकली. वाद हिशेबाच्या वह्यांवर गेला तेव्हा तिचा शब्द क्षीण झाला. आणि वाद रस्त्याचा आहे की नाही, हे मुळात एका शब्दाच्या व्याख्येने ठरविले होते. भाषेच्या अभ्यासकाने अर्थकारणाच्या प्रांतात पाऊल टाकण्याचे प्रयोजन हेच होय.

२. टेलिफोन हा टेलिग्राफ आहे काय?

टेलिफोन १८७६ साली अवतरला तेव्हा त्याच्यासाठी कायद्याच्या कोशात शब्द नव्हता. तारायंत्रासाठी मात्र होता. नव्या वस्तूला जुन्या शब्दाच्या छत्राखाली घ्यावयाचे की नाही, हा अर्थविस्ताराचा प्रश्न भाषेत रोजच उद्भवतो आणि बोलणारे लोक तो नकळत सोडवितात. येथे तो न्यायाधीशांना उघडपणे सोडवावा लागला आणि इंग्लंड व अमेरिका ह्या दोन देशांनी त्याची परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

इंग्लंडमध्ये १८८० च्या डिसेंबरात एडिसन टेलिफोन कंपनीविरुद्ध सरकारने चालविलेल्या खटल्यात असा निर्णय झाला की, टेलिफोन हा कायद्याच्या दृष्टीने टेलिग्राफच होय. म्हणून टपालखात्याची मक्तेदारी त्यावरही चालते. हा निर्णय देणारे न्यायमूर्ती जेम्स फिट्सजेम्स स्टीफन हे आपणांस परके नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेसदस्य असताना १८७२ चा पुराव्याचा कायदा सिद्ध करणारे ते हेच. पाच वर्षांनी हिंदुस्थानच्या १८८५ च्या तारायंत्र कायद्यात जी व्याख्या घातली तिच्यात टेलिफोनने होणारे दळणवळणही स्पष्टपणे समाविष्ट केले गेले आणि त्याच कायद्याने तारायंत्रे चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवून इतरांना परवाने देण्याची मुभा सरकारला दिली.

अमेरिकेत प्रश्न उलट्या बाजूने आला. तेथे १८६६ च्या एका केंद्रीय कायद्याने तारायंत्र कंपन्यांना टपालमार्गांवरून तारा नेण्याचा हक्क दिला होता. टेलिफोन हाही टेलिग्राफच, तेव्हा हा हक्क आम्हांसही आहे, आणि म्हणून शहराच्या अटी आम्हांस बाधत नाहीत, असे सदर्न बेल कंपनीने व्हर्जिनियातील रिचमंड शहराविरुद्ध प्रतिपादन केले. १८९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. १८६६ साली जी वस्तू कोणाच्या स्वप्नातही नव्हती ती त्या वेळच्या शब्दाच्या अर्थात कशी मावणार, असा त्या निर्णयाचा आशय होता.

परिणाम विलक्षण झाला. शब्दाचा अर्थ जेथे ताणला गेला तेथे टेलिफोन सरकारच्या कक्षेत गेला. जेथे तो ताणण्यास नकार मिळाला तेथे त्या केंद्रीय कायद्याची ढाल कंपनीच्या हातून गेली आणि रस्त्याच्या वापराला अटी घालण्याचा शहरांचा अधिकार अबाधित राहिला. शिकागोच्या नगरपरिषदेला वाटाघाटीच्या मेजावर जी खुर्ची मिळाली, तिच्या मुळाशी रस्त्यावरील ही सत्ता होती.

३. भाडे

आरंभीच्या काळात ग्राहक टेलिफोन विकत घेत नसे. यंत्र कंपनीचेच राही व ग्राहक त्याचे वार्षिक भाडे देई. त्याला इंग्रजीत जे नाव पडले ते नियतकालिकाच्या वर्गणीदाराचे. ठरावीक रक्कम भरावी आणि वर्षभर हवे तितके बोलावे, ही कल्पना त्या नावातच होती. भाडे म्हटले की ते वस्तूचे असते; आणि वस्तूचे भाडे वाजवी की गैरवाजवी हे कोणाही गृहस्थाला सांगता येते, निदान तसे त्याला वाटते.

इंडियाना राज्याच्या विधिमंडळाने १८८५ मध्ये नेमके हेच केले. एका टेलिफोनचे मासिक भाडे तीन डॉलरांहून अधिक असू नये असा कायदा त्याने केला आणि पुढील वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कंपनीने मग अनेक ठिकाणची केंद्रेच बंद करण्याचा मार्ग धरला. अखेर १८८९ साली कायदा मागे घेण्यात आला. भाड्याची मर्यादा घालता येते, परंतु भाड्याने देण्यास कोणाला भाग पाडणे त्याहून कठीण असते, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा धडा न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराने दिला. तेथे १८८६ साली बफेलोच्या बेल कंपनीने ठोक वार्षिक रकमेऐवजी संभाषणांच्या संख्येवर आकारणी करण्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वर्गणीदारांनी टेलिफोन वापरणेच सोडले आणि हा बहिष्कार १८८८ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे अठरा महिने टिकला. शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली. एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांचा राग दर वाढला एवढ्यापुरता नव्हता. मोजणीच त्यांना नको होती. वर्गणीदार ह्या शब्दाने जो करार त्यांच्या मनात रुजविला होता तो मोडला जात आहे, अशी त्यांची भावना झाली होती.

४. १८८९ चा मक्ता आणि 'तीच सेवा'

शिकागोत टेलिफोनचे पहिले केंद्र १८७८ साली उघडले. १८८१ मध्ये शिकागो टेलिफोन कंपनी स्थापन झाली आणि जानेवारी १८८९ मध्ये नगरपरिषदेने तिला वीस वर्षांचा मक्ता दिला. मक्ता हा शब्द येथे शहराचे रस्ते वापरण्याची सनद ह्या अर्थी योजिला आहे. खांब रोवण्यास, तारा टांगण्यास, रस्ता खणून नळ घालण्यास अनुमती द्यावयाची आणि तिच्या बदल्यात अटी घालावयाच्या, अशी ही देवघेव होती. ह्या अटींपैकी एक अशी की, त्या वेळी चालू असलेल्या दरांहून अधिक दर कंपनीने घेऊ नये. व्यापारी टेलिफोनच्या बाबतीत ही मर्यादा वर्षाला १२५ डॉलरांची समजली गेली.

वरवर पाहता अट निःसंदिग्ध दिसते. पण तिच्यात एक पळवाट होती. त्या वेळी एका तारेने यंत्र जोडून विजेचा परतीचा मार्ग जमिनीतून ठेवीत. ट्रॅम व विजेचे दिवे आल्यावर ह्या पद्धतीच्या टेलिफोनमध्ये इतकी खरखर ऐकू येऊ लागली की बोलणे दुष्कर झाले. त्यावर उपाय म्हणजे दोन तारांचे पूर्ण धातुमंडल. ही सुधारणा झाल्यावर कंपनीने अशा टेलिफोनसाठी १७५ डॉलर आकारण्यास आरंभ केला. ही नवी सेवा आहे, मक्त्यातील मर्यादा जुन्या सेवेपुरती आहे, असे तिचे म्हणणे. इलिनॉय राज्यातील कारखानदारांच्या संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला आणि १९०३ साली अपील न्यायालयाने कंपनीच्या विरुद्ध निर्णय दिला.

ह्या वादाचे स्वरूप तादात्म्याचे आहे. आवाज स्पष्ट ऐकू येणे ही सेवेची सुधारणा की नवीच सेवा? १८८९ चा करार लिहिणाऱ्यांनी दर गोठविला, पण दर कशाचा हे लिहिले नाही; कारण 'टेलिफोन सेवा' ह्या शब्दांचा अर्थ वीस वर्षांत बदलेल ही कल्पना त्यांना आली नसावी. तंत्र झपाट्याने बदलत असते तेथे आकडा निश्चित करून नाम अनिश्चित ठेवणारा करार हा अर्धाच करार होय. तथापि ह्या फेरीत नगरपरिषदेची बाजू टिकली. त्याचे कारण उघड आहे. मक्त्याच्या मजकुराचा अर्थ लावणे हे काम वकील व न्यायाधीश करू शकत होते. त्यासाठी कंपनीचा जमाखर्च तपासावा लागत नव्हता.

५. वाढत्या शहराचे गणित

नगरसेवकांना वायू, पाणी व ट्रॅम ह्यांचा अनुभव होता. ह्या सेवांत गिऱ्हाईक वाढले की दर माणशी खर्च उतरतो. टेलिफोनवाले मात्र सांगत की, गिऱ्हाईक वाढले की दर माणशी खर्च वाढतो. नगरसेवकांना ही लबाडी वाटली तर नवल नाही. परंतु ती सर्वस्वी लबाडी नव्हती.

शंभर वर्गणीदारांत दोघादोघांच्या जोड्या ४,९५० होतात. हजारांत त्या ४,९९,५०० होतात. प्रत्येक जोडी कोणत्याही क्षणी जोडता आली पाहिजे, हे केंद्राचे काम. त्यासाठी जी फळी वापरीत तिच्या प्रत्येक भागात सर्व वर्गणीदारांची छिद्रे असावी लागत, म्हणजे तेथे बसलेल्या मुलीला आपला दांडा कोणाच्याही छिद्रात घालता येई. समजा, एक भाग पाचशे वर्गणीदारांची हाक घेतो. हजार वर्गणीदारांना दोन भाग लागतील आणि छिद्रे २,०००. दहा हजारांना वीस भाग लागतील आणि छिद्रे २,००,०००. वर्गणीदार दसपट झाले, छिद्रे शतपट. शहरात अनेक केंद्रे उघडून ही वाढ आवरता येते, पण मग एका संभाषणासाठी दोन केंद्रांतील दोन मुलींचे श्रम व मधल्या तारा लागतात.

येथे कंपनीचे म्हणणे खरे होते. मात्र किती खरे, हे फक्त कंपनीलाच ठाऊक होते. फळीचा खर्च हा एकूण खर्चाचा एक भाग. तारा, इमारती, वसुली, व्यवस्थापन ह्यांचे गणित निराळे. शिवाय वर्गणीदार वाढले म्हणजे प्रत्येक टेलिफोनची उपयुक्तताही वाढते, तेव्हा खर्चवाढ कोणी सोसावी हा प्रश्न उरतोच. नगरपरिषदेची खरी अडचण येथे सुरू होते. रस्त्याची लांबी तिला मोजता येत होती, फळीची किंमत मोजता येत नव्हती.

स्पर्धा हा एक उपाय होता व तो करून पाहण्यात आला. १८९९ मध्ये नगरपरिषदेने एका दुसऱ्या कंपनीला स्वयंचलित टेलिफोनसाठी तारा घालण्याची अनुमती दिली. त्या कंपनीने तारांसाठी म्हणून शहराच्या मध्यभागाखाली भुयारे खणली. पण भुयारांतून तारांपेक्षा मालगाड्याच अधिक चालल्या. टेलिफोनच्या नावाने मिळालेल्या अनुमतीतून एक भूमिगत मालवाहू रेल्वे निर्माण झाली आणि दरांना आळा घालील असा प्रतिस्पर्धी मात्र उभा राहिला नाही.

६. १९०७ : संभाषणाची किंमत

मुदत सरत आली तशी नव्या मक्त्याची चर्चा सुरू झाली. नगरपरिषदेत हा विषय ज्या समितीकडे होता तिचे नाव वायू, तेल व विजेचे दिवे ह्यांची समिती असे होते. टेलिफोनसाठी स्वतंत्र समिती नव्हती. घरात नळीने किंवा तारेने जे येते ते सर्व एका वर्गातले, अशी ती वर्गवारी होती. ह्या समितीने १९०६ साली टेलिफोनची सेवा व दर ह्यांविषयी सविस्तर अहवाल सादर केला. पुढील वर्षी डुगल्ड जॅक्सन, विल्यम क्रम्ब व जॉर्ज वाइल्डर ह्या तिघा तज्ज्ञांचे मंडळ नेमून त्याच्याकडून दुसरा अहवाल घेण्यात आला. तत्कालीन नगरराजकारणाविषयी लाचलुचपतीच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु हे अहवाल वाचणाऱ्यास असे दिसेल की, नगरपरिषदेने ह्या वेळी विषय समजून घेण्याचा खरोखर यत्न केला.

ह्या चर्चेत जी फूट उघड झाली ती कंपनी व जनता ह्यांच्यामधली नव्हती. ती जनतेतच होती. वर्गणीदारांचे दोन वर्ग पडले होते. एक, १२५ डॉलर भरून अमर्याद बोलणारा व्यापारी. दुसरा, सामाईक तारेवरील नाणे-पेटीचा टेलिफोन घेणारा लहान गृहस्थ. हा प्रत्येक संभाषणाला पाच सेंटांचे नाणे पेटीत टाकी. हिशेब करून पाहावा. १२५ डॉलर म्हणजे पाच सेंटांची २,५०० संभाषणे; वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर दिवसाला आठांहून थोडी अधिक. ज्या पेढीवरून दिवसाला पन्नास वेळा टेलिफोन होई तिला ठोक रक्कम हे वरदानच होते. दिवसातून एकदा टेलिफोन करणाऱ्या कुटुंबाला नाणे-पेटीने वर्षाला सव्वाअठरा डॉलर पडत. १२५ डॉलर भरण्याचा विचारही त्याच्या मनात आला नसता.

तेव्हा कारखानदारांची संघटना कंपनीशी झगडत होती, हे खरे. पण ती सर्वांच्या वतीने झगडत होती असे म्हणता येत नाही. ठोक दराची मर्यादा जितकी खाली, तितका खर्चाचा भार इतरांवर सरकण्याचा संभव अधिक. ह्याच्या उलट, शुल्क वापराच्या प्रमाणात असावे असे म्हणणारी कंपनी ह्या एका मुद्द्यापुरती लहान ग्राहकाच्या हिताची गोष्ट बोलत होती, मग तिचा हेतू काहीही असो. रॉचेस्टरच्या लोकांनी ज्या मोजणीचा धिक्कार केला तीच शिकागोच्या मजुराच्या घरी टेलिफोन येण्याचे साधन ठरली. सार्वजनिक हित हा शब्द एकवचनी आहे. त्यामागचे जन अनेकवचनी असतात, हे दरांचा इतिहास लिहिताना विसरता येत नाही.

नोव्हेंबर १९०७ मध्ये नवा मक्ता मंजूर झाला. मुदत पुन्हा वीस वर्षांची. कंपनीच्या ढोबळ उत्पन्नातील शेकडा तीन टक्के शहरास द्यावयाचे. आणि निरनिराळ्या वर्गांच्या सेवेसाठी कमाल दर ठरवून दिलेले. १८८९ च्या मानाने पाहता हा करार पुष्कळच पुढे गेलेला होता, कारण त्यात आकड्यांबरोबर नामेही निश्चित झाली. तथापि शेकडा तीन टक्क्यांच्या अटीत एक अंतर्विरोध होता, तो दृष्टीआड करू नये. ढोबळ उत्पन्नात शहराचा वाटा ठेविला की, दर उतरावे असे म्हणणाऱ्या नगरपरिषदेचा खजिना दर चढल्याने भरतो. रस्त्याची किंमत वसूल करणारा मालक आणि ग्राहकांचा प्रतिनिधी ह्या दोन भूमिका एकाच संस्थेने घेतल्या होत्या. आणि मालकाला जे मिळे ते अखेरीस ग्राहकाच्याच खिशातून येई.

७. वह्यांकडे

ह्यानंतर वाद नव्या शब्दावर गेला. कमाल दर वाजवी आहे की नाही हे सांगावयाचे तर कंपनीचे भांडवल किती, त्यावर न्याय्य परतावा किती, यंत्रांची झीज किती धरावी, हे सांगितले पाहिजे. त्याच समितीसाठी विल्यम हेगना ह्यांनी १९११ साली कंपनीच्या कारभाराचा अहवाल तयार केला व पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड बेमिस ह्यांनी दुसरा. एकाच कंपनीविषयी दोन वर्षांत दोन तपासण्या कराव्या लागल्या, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. झीज हा शब्द साधा दिसतो. पण यंत्र प्रत्यक्ष किती झिजले आणि वहीत ते किती झिजले असे लिहिले, ह्या दोन गोष्टी निराळ्या असतात. वहीतील झीज अधिक लिहिली की नफा कमी दिसतो आणि दर वाढविण्याची मागणी न्याय्य भासते. ज्या संयुक्त कंपनीकडे शिकागो कंपनीची मालकी होती तिच्याच दुसऱ्या कारखान्याकडून, वेस्टर्न इलेक्ट्रिककडून, यंत्रे विकत घेतली जात. खरेदीदार व विक्रेता एकाच घरचे असता किंमत खरी की कागदी, हेही नगरपरिषदेला बाहेरून कळणे शक्य नव्हते.

ह्याच सुमारास बेल कंपन्यांच्या मुख्य संस्थेचे धोरण बदलले होते. १९०७ साली तिची सूत्रे पुन्हा हाती घेणाऱ्या थिओडोर वेल ह्यांनी त्याच वर्षाच्या वार्षिक अहवालात सार्वजनिक नियंत्रण तत्त्वतः मान्य केले. मात्र ते नियंत्रण राज्यपातळीवरील आयोगाचे असावे, हा त्यातील रोख होता. एकेका शहराशी रस्त्याच्या मोबदल्यात सौदा करण्यापेक्षा एका आयोगापुढे हिशेब मांडणे कंपनीस परवडणारे होते. विस्कॉन्सिन राज्याने १९०७ मध्ये असे नियंत्रण सुरू केलेच होते. इलिनॉय राज्याने १९१३ साली कायदा केला आणि १९१४ च्या आरंभापासून दर ठरविण्याचे काम राज्याच्या आयोगाकडे गेले. रस्ते शिकागोचेच राहिले. पण रस्त्याच्या बदल्यात दर मागण्याचे शिकागोचे सामर्थ्य संपले.

८. अकरा वर्षांचा खटला

आयोगाच्या हाती वह्या आल्या, परंतु अंतिम शब्द त्याच्याही हाती आला नाही. १९२० साली शिकागो टेलिफोन कंपनीचे नाव इलिनॉय बेल टेलिफोन कंपनी असे झाले होते. ऑगस्ट १९२३ मध्ये राज्याच्या आयोगाने शिकागोतील नाणे-पेटीच्या सेवेचे दर कमी करण्याचा हुकूम काढला. लहान ग्राहकाचाच हा टेलिफोन. असा हुकूम म्हणजे आमच्या मालमत्तेचा अपहार होय, असे म्हणून कंपनीने केंद्रीय न्यायालयातून मनाई मिळविली. जुने दर चालू राहिले.

१९३० साली हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. सरन्यायाधीश ह्यूज ह्यांनी दिलेल्या निर्णयात एक मूलभूत भेद मांडला गेला. शिकागोतील तेच यंत्र, तीच तार व तेच केंद्र शहरातील संभाषणासाठी वापरले जाते आणि परराज्याशी होणाऱ्या संभाषणासाठीही. मग स्थानिक दर वाजवी की नाही हे ठरविताना सगळी मालमत्ता स्थानिक धरणे युक्त नाही; वापरानुसार तिची विभागणी केली पाहिजे. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'स्थानिक' हे विशेषण वस्तूचे नसून क्रियेचे आहे, असा हा निर्णय होता. पन्नास वर्षे सर्व पक्ष स्थानिक टेलिफोनविषयी बोलत होते. त्यातील 'स्थानिक' म्हणजे काय हे प्रथमच विचारले गेले. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या किमती व मुख्य संस्थेला दिले जाणारे शुल्क ह्यांचीही तपासणी करावी, असे सांगून खटला खालच्या न्यायालयाकडे परत पाठविण्यात आला.

एप्रिल १९३४ मध्ये अखेरचा निकाल लागला. कंपनीने झिजेपोटी धरलेल्या रकमा अवाजवी ठरल्या; आणि जिला आपली मालमत्ता बुडत आहे असे म्हणावयाचे होते त्या कंपनीची आर्थिक स्थिती त्या वर्षांत सुदृढ राहिली होती, हेच तिच्या दाव्याचे उत्तर ठरले. १९२३ चा हुकूम कायम झाला व जादा घेतलेली रक्कम ग्राहकांना परत करण्याची पाळी कंपनीवर आली. विजय निर्विवाद होता. पण तो अकरा वर्षांनी मिळाला होता. पेटीत पाच-पाच सेंट टाकणारे कुटुंब ह्या काळात कितीदा घर बदलून गेले असेल, ह्याचा अंदाज ज्याचा त्यानेच करावा. शिवाय १९२९ पासून देशावर मंदीचे सावट होते. ज्या न्यायाला एक तप लागते, त्यात दराचा प्रश्न सुटतो, परंतु दर भरणाऱ्याचा सुटतोच असे नाही.

९. मुंबईच्या दृष्टीने

ह्या वृत्तान्ताच्या प्रकाशात मुंबईकडे पाहिले असता एक प्रश्न सुचतो. मुंबईत टेलिफोन केंद्र जानेवारी १८८२ मध्ये, म्हणजे शिकागोनंतर चारच वर्षांनी उघडले. सेवा देणारी कंपनीही खाजगीच होती. मग मुंबई महापालिका व टेलिफोन कंपनी ह्यांच्यातील दरविषयक झुंज आपल्या नगरेतिहासात ठळकपणे का आढळत नाही? ती संस्था निद्रिस्त होती असे म्हणता येणार नाही. ट्रॅम व वीज ह्यांच्या बाबतीत तिने करार केले, आणि १९०५ च्या करारान्वये चालणारी वीज व ट्रॅम कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतःच्या ताब्यातही घेतली. बेस्ट हे नाव मुंबईकराच्या तोंडी बसले ते तेव्हापासून महापालिकेच्या उपक्रमाचे नाव म्हणून.

भेद वृत्तीचा नव्हता, व्याख्येचा होता. ट्रॅम ही ट्रॅमच होती. तिचे रूळ रस्त्यात होते व रस्ता महापालिकेचा. टेलिफोन मात्र १८८५ च्या कायद्याने टेलिग्राफ ठरलेला, म्हणून त्याचा परवाना सरकारचा. कराराच्या दुसऱ्या बाजूस सरकार बसले होते. महापालिकेला तेथे जागा नव्हती. १ एप्रिल १९४३ रोजी मुंबईची टेलिफोन व्यवस्था सरकारने कंपनीकडून आपल्याकडे घेतली, तेव्हाही ती महापालिकेकडे येण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

इंग्लंडमध्येही मुळात हीच स्थिती होती. परंतु १८९९ च्या कायद्याने नगरपालिकांना टेलिफोनचे परवाने देण्याची सोय झाली. तत्पूर्वीच ग्लासगोच्या महापालिकेने नॅशनल टेलिफोन कंपनीला आपल्या रस्त्यांखालून तारा नेण्यास नकार देऊन रस्त्याचे बळ दाखविले होते. १९०१ मध्ये तिने स्वतःचे केंद्र उघडले. १९०६ मध्ये ते टपालखात्याला विकले. हल शहराने १९०४ मध्ये उघडलेली व्यवस्था मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नगराच्या मालकीची राहिली. म्हणजे टेलिग्राफ ह्या व्याख्येने दार बंद केले तरी कायद्याने त्यात खिडकी ठेवता येते. हिंदुस्थानात तशी खिडकी ठेवण्याचे कारण परकीय सरकारला नव्हते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, सेवेच्या दरावर कोणाचा अधिकार चालावा हे ती सेवा कोणत्या शब्दाखाली येते ह्यावर अवलंबून राहिले आहे. आणि तो शब्द बहुधा सेवा जन्मण्यापूर्वीच कायद्यात येऊन बसलेला असतो. दुसरी अशी की, दराचे माप भाड्याकडून परताव्याकडे सरकत गेले तसतसा निर्णय अधिक शास्त्रीय झाला हे खरे, पण त्याबरोबर तो सामान्य नागरिकापासून व त्याने निवडलेल्या सभेपासून दूरही गेला. १८८९ चा नगरसेवक चुकत असेल, परंतु तो काय बोलत आहे हे त्याच्या मतदाराला कळत होते. १९३४ च्या निकालाबद्दल तसे म्हणणे धाडसाचे होईल. तिसरी अशी की, नगरपरिषद विरुद्ध कंपनी ह्या द्वंद्वामागे मोठा ग्राहक व लहान ग्राहक ह्यांचे दुसरे द्वंद्व दडलेले असते, आणि पहिल्याच्या गलबल्यात दुसरे ऐकू येत नाही.

१८८५ चा तारायंत्र कायदा पुढे शतकाहून अधिक काळ भारतात टिकला व त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ साली झाला. रस्त्याखालून तारा नेण्याचा हक्क, त्यासाठी स्थानिक संस्थेने काय मागावे, आणि नव्या सेवेला कोणत्या जुन्या शब्दाखाली घालावे, हे प्रश्न त्याही कायद्याच्या पोटात आहेतच. महाराष्ट्रातील नगरसंस्थांच्या दप्तरांत ट्रॅम, वीज व पाणी ह्यांच्या करारांची जी कागदपत्रे आहेत ती ह्या दृष्टीने, म्हणजे आकड्यांपेक्षा नामांकडे लक्ष देऊन, वाचली गेली पाहिजेत. इतिहास व भाषा ह्या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना तेथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे.